बर्फाचं यंत्र आणि तासाचा भाव

इथे अमेरिकेत आपल्या मंडळींमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अरे, फेकून दे की! तुझ्या तासाचा भाव काय आणि त्या वस्तूची किंमत काय?" हे म्हणणारा बहुतेक वेळा स्वतः इंजिनियर असतो, हा त्यातला विनोद. मला हे वाक्य अजिबात मान्य नाही. का, ते सांगायला सध्या एक उत्तम उदाहरण हाताशी आहे. ओट्यावर ठेवायचं बर्फाचं यंत्र, म्हणजे काउंटरटॉप आइस मेकर.

आमचं यंत्र दुसऱ्या उन्हाळ्यात तापायला लागलं. आधी बर्फ पातळ, मग पोकळ, मग नाहीच. कॉम्प्रेसर थोडा वेळ घुमायचा आणि टक् करून बंद पडायचा. कंपनीला फोन केला. उत्तर असं: वॉरंटी संपली, सुटे भाग आम्ही विकत नाही, नवीन घेतलंत तर सूट देऊ.

आता जरा हिशेब करू. एक किलो पाणी २५ अंशांवरून शून्यावर आणायला साधारण १०५ किलोजूल उष्णता काढावी लागते आणि त्याचा बर्फ करायला आणखी ३३४. खोक्यावर लिहिलेलं असतं, दिवसाला १२ किलो बर्फ. म्हणजे पाण्यातून सरासरी साठेक वॅट बाहेर काढायचे. त्यात यंत्र स्वतः खातं ते शंभरेक वॅट मिळवा. ही सगळी उष्णता कंडेन्सरच्या जाळीतून, तळहाताएवढ्या एका पंख्याने बाहेर ढकलायची. थोडक्यात, बर्फाचं यंत्र हा स्वयंपाकघरातला एक छोटा हीटर आहे. हवा अडली की कंडेन्सरमधला दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त दमून कमी बर्फ करतो आणि शेवटी त्याच्यावरचा ओव्हरलोड प्रोटेक्टर त्याला बंद करतो. आपण ज्याला बिघाड म्हणतो तो पुष्कळदा यंत्राने स्वतःला वाचवायचा प्रयत्न असतो.

हवा कशाने अडते? आमच्याकडे फोडणीची वाफ आणि धूळ यांचा मेणचट थर होता. प्लग काढला, पाणी ओतून टाकलं, यंत्र पूर्ण गार होऊ दिलं, मागचे स्क्रू काढले. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरने जाळी साफ केली, पात्या वाकू न देता. मग पंखा बोटाने फिरवून पाहिला, तर अडखळत होता. बऱ्याच यंत्रांत हा १२ व्होल्ट डीसीचा पंखा असतो, कॉम्प्युटरच्या डब्यात असतो तसाच. त्याच मापाचा, त्याच व्होल्टचा, तेवढाच करंट घेणारा पंखा दहा-बारा डॉलरला मिळाला. बसवताना हवेची दिशा तेवढी जुन्याप्रमाणे ठेवायची. शेवटी यंत्र भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. झालं!

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. तांब्याच्या नळ्यांना हात लावू नका. आत बहुधा आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळातला. गॅस मोजकाच, पण पेट घेणारा. नळीवर तेलाचा डाग दिसला तर तिथेच थांबा. ते काम त्यातल्या माणसाचं.

आता त्या तासाच्या भावाकडे येऊ. शनिवारच्या दुपारचे पैसे कोणी मला देत नाही, तुम्हालाही देत नाही. जो गृहस्थ दुरुस्तीच्या दोन तासांना महाग म्हणतो तोच नवं यंत्र निवडायला तीन संध्याकाळी घालवतो, ते आणायला गाडी काढतो आणि नाही पटलं तर परत करायला रांगेत उभा राहतो. ते तास हिशेबात नसतात. चांगला चालणारा कॉम्प्रेसर, तांबं आणि गॅस कचऱ्यात जातो, तोही हिशेबात नसतो.

यावर दुसरा पक्ष म्हणतो, "आपल्याकडे बघा, सगळं दुरुस्त व्हायचं." मला हेही पटत नाही. आपल्याकडे दुरुस्ती व्हायची कारण वस्तू महाग आणि मजुरी स्वस्त होती. ते गणित होतं, संस्कार नव्हे. गणित बदललं की पुण्यातलाही माणूस मिक्सर फेकतो.

म्हणून मला रस आहे तो गणित बदलण्यात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून कायदा आहे: उपकरणाची घाऊक किंमत १०० डॉलर किंवा जास्त असेल तर शेवटचा नग बनल्यापासून सात वर्षं आणि ५० ते ९९.९९ डॉलर असेल तर तीन वर्षं कंपनीने सुटे भाग, हत्यारं आणि माहिती पुरवायची. मिनेसोटाचा कायदाही त्याच दिवशी लागू झाला. उत्तम. पण कॅलिफोर्नियाची किंमत घाऊक आहे, हे लक्षात घ्या. दुकानात शंभराच्या आत मिळणाऱ्या यंत्राची घाऊक किंमत पन्नासाच्या खाली असू शकते. म्हणजे जी वस्तू सगळ्यात सहज फेकली जाते तीच कायद्याच्या जाळीतून निसटते!

ही खालची मर्यादा काढायला हवी. तोवर आपल्या हातात एवढं आहे: विकत घेताना यंत्र उलटं करून बघा. स्क्रू दिसतात का? पंखा सुटा मिळतो का, हे कंपनीला लिहून विचारा. नाही म्हणाले तर दुसरं बघा. आणि उष्णतावहनावर प्रबंध लिहिलेल्या मंडळींनी निदान जाळीतली धूळ झटकायला कमीपणा मानू नये.