परभारे ठरलेले रंग

वर्तमानपत्रातील पर्जन्यमानाच्या नकाशात निळा पट्टा संपून पिवळा जेथे सुरू होतो, तेथे निसर्गानेच एखादी सीमा आखली असावी असा वाचकाचा स्वाभाविक ग्रह होतो; वस्तुतः ती सीमा पुष्कळदा नकाशा काढणाऱ्या आज्ञावलीने, कोणी विचारले नाही म्हणून, आपल्या डीफॉल्ट शिरस्त्याप्रमाणे परभारे आखलेली असते.

मॅटलॅब या आज्ञावलीने २०१४ पर्यंत आणि मॅटप्लॉटलिब या दुसरीने २०१७ च्या आरंभापर्यंत ज्या ‘जेट’ नामक इंद्रधनुषी रंगमालेला हे डीफॉल्टचे अधिकारपद बहाल केले होते, तिची गर्द निळे व गर्द तांबडे ही दोन्ही टोके काळोखी आणि मध्यभाग मात्र झगझगीत. परिणामी आकड्यांत जेथे काहीच विशेष नाही तेथे डोळ्यांना कडा दिसत असे, आणि तोच नकाशा कृष्णधवल पानावर छापला की अतिवृष्टीचा मुलूख व अवर्षणाचा मुलूख जवळजवळ एकाच करड्या छटेत नांदू लागत. तांबड्या-हिरव्यातील भेद ज्यांना कळत नाही त्यांची कैफियत तर कोणी ऐकलीच नव्हती. नंतर आलेल्या ‘व्हिरिडिस’मध्ये उजेड एकाच दिशेने वाढत जातो, सुधारणा उशिरा का होईना झाली.

परंतु रंग बदलले म्हणून मुखत्यारी बदलली असे नव्हे. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयात सिद्ध होणारी, १९०१ पासूनच्या दैनिक पावसाची, पाव अंशाच्या चौकटींत विभागलेली आकडेवारी पाहा. तिची पहिली ओळ दक्षिणेकडची, साडेसहा अंश अक्षांशाची. मॅटप्लॉटलिबची ‘आयएमशो’ ही आज्ञा पहिली ओळ वर मांडते, त्यामुळे नवशिक्याच्या पडद्यावर कन्याकुमारी शिरोभागी आणि काश्मीर पायाशी येते. ही चूक मी निरुपद्रवी मानतो, कारण ती शाळकरी पोरालाही दिसते. न दिसणाऱ्या चुकांचे काय? एक चौकट सुमारे सत्तावीस किलोमीटरांची. वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणारे महाबळेश्वर आणि त्याच्या अगदी थोडा हिस्सा वाट्याला येणारी वाई यांच्यातील अंतर याहून कमी. अशा चौकटी एकमेकींत मिसळून नकाशा गुळगुळीत केला, की घाटमाथा व पर्जन्यछाया यांच्यामध्ये कोणीही न मोजलेला एक सौम्य उतार निर्माण होतो, आणि तो दिसायला सुंदर असल्यामुळे कोणी त्याची चौकशी करीत नाही.

त्याहून घातक आहे ती रंगांची आपोआप ठरणारी मर्यादा. आज्ञावली हाती आलेल्या आकड्यांतील किमान व कमाल शोधून सारे रंग त्यांतच ताणून बसविते. म्हणून दुष्काळी जुलैतील सर्वाधिक पाऊस आणि सुकाळी जुलैतील सर्वाधिक पाऊस, त्यांत तिपटीचे अंतर असले तरी, एकाच रंगाने मिरवतात. दोन वर्षांचे नकाशे शेजारी छापणाऱ्याने दोहोंना एकच मर्यादा लावावी, ती नकाशापाशी नमूद करावी आणि चौकटीची रुंदीही सांगावी. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही की जादा तरतूद लागत नाही. आज्ञेत दोन संख्या स्वहस्ते लिहाव्या लागतात.