धाटाची गाडी आणि कुलपातली पेटी



शहरात सुखवस्तू घरी वाढलेली आमच्या वयाची माणसे चार घटका निवांत बसली की लहानपणच्या एका खेळाची आठवण हमखास निघते. कुणाच्या तरी मामाने मुंबईहून किंवा परदेशातून एक खोके आणलेले असते. खोक्यावर विमानाचे नाही तर जहाजाचे झोकदार चित्र. उघडून पाहावे तर आत विमान नाहीच! प्लॅस्टिकच्या चौकटीला लगडलेले लहान-मोठे सुटे भाग आणि एक आकडे टाकलेला नकाशा. एकेक भाग ब्लेडने सोडवायचा, नकाशातला आकडा पाहायचा, गोंद लावून जागेवर बसवायचा, वाळला की रंग द्यायचा. चार दिवसांनी पंख, चाके, पंखा असे सगळे असलेले विमान कपाटावर उभे राहायचे. आमच्या कार्यालयातील एक वरिष्ठ त्या गोंदाच्या वासाची आठवण सांगताना आजही डोळे मिटून घेतात. त्यांचे सुख खरे आहे. आम्हाला त्याचा हेवा नाही. (थोडासा आहे!)

या पेट्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. लंडनमध्ये १९३९ साली निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरीहून आलेल्या गृहस्थाने एअरफिक्स नावाची कंपनी काढली. आधी हवा भरायची रबरी खेळणी, मग कंगवे, असे करीत ती प्लॅस्टिकच्या वस्तूंकडे वळली. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरवाल्यांनी तिला आपल्या ट्रॅक्टरची लहान प्रतिकृती करायला सांगितली. विक्रेत्यांनी ती गिऱ्हाइकाला दाखवावी, एवढाच हेतू. पण जोडून देण्यापेक्षा सुटे भागच खोक्यात घालून विकले तर स्वस्त पडते, हे लक्षात आले आणि पुढे जगभर पोरांच्या हाती गेलेल्या एअरफिक्सच्या पेट्यांची सुरुवात अशी झाली. म्हणजे पहिले मॉडेल लढाऊ विमानाचे नव्हते, शेतातल्या ट्रॅक्टरचे होते. फर्ग्युसनचे नाव आमच्या भागातल्या कुणाला वेगळे सांगायला नको. १९६० साली चेन्नईत टॅफे कंपनी निघाली, ती ह्याच घराण्याचे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर करते. अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढीत जाणारी 'मॅसी' वडीगोद्रीच्या कोणत्या पोराने पाहिली नाही?

पण खोके कुणी पाहिले नव्हते. ऐंशीच्या दशकातले आमचे वडीगोद्री म्हणजे धुळे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. हा रस्ता आता चौपदरी झाला आहे. त्या काळी रस्त्याकडेला बसले की दिवसभर टाटाचे ट्रक, एसटी, कारखान्याच्या हंगामात उसाच्या बैलगाड्या, असे सगळे डोळ्यांसमोरून फुकट जायचे. आमचा नकाशा तोच. तो छापलेला नव्हता, म्हणून डोळ्यात साठवावा लागे.

रब्बीची ज्वारी काढून झाली की आमचा कारखाना सुरू होई. कडब्यातले वाळलेले, जाड, सरळ धाट निवडायचे. वरची साल दातांनी सोलायची. ती साल सुरीसारखी धारदार असते. ओठ आणि बोटे कापली नाहीत असे एकही पोर वस्तीत नसे. आत पांढराशुभ्र, हलका गाभा. गाभा हे आमचे लाकूड आणि सालीचे टोकदार तुकडे हे आमचे खिळे. गोंद नाही, दोरा नाही. गाभ्याचे तुकडे सालीच्या काडीने टोचत गेले की साटा तयार, दांड्या तयार, जू तयार. चाक मात्र सोपे नसे. गाभ्याला गोलाई देताना तो तुटे, म्हणून काही पोरे चाकाला बाटलीची टोपणे लावीत. बैल काळ्या मातीचे. पोळ्याच्या वेळी ज्यांच्या दावणीला बैल होते त्यांची पोरे खरे बैल मिरवीत, आम्ही मातीचे. ह्यात कौतुक करण्यासारखे काही नाही. जमीन नव्हती म्हणून बैल नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. आमच्यातली एक मुलगी इतके देखणे बैल करी, की त्यांचे वशिंड आणि मानेखालची पोळी पाहून मोठी माणसेसुद्धा थांबत. पण गाडी करायला तिला कधी बसू दिले नाही. "पोरीच्या जातीला गाडी कशाला?" हे तिच्या घरातलेच शब्द.

धाटाच्या गाडीनंतरची इयत्ता म्हणजे तारेचा ट्रक. बांधकामावर सळया बांधायची बारीक तार आणि कुंपणाची जाड तार, दोन्ही लागत. चाके जुन्या स्लीपरची. तळव्याच्या रबरावर बांगडी ठेवून रेघ मारायची आणि ब्लेडने कापायचे. सगळ्यात मोठी अडचण अशी यायची, की ट्रकचा हौदा चौकोनी केला तर तो एका बाजूला कलंडे. दोनदा ओढला की कोपरे ढिले. मग कुणीतरी मोठ्याने दाखवले, चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी तार टाकायची. टाकली आणि हौदा हलेना!

ते असे का होते, हे आम्हाला वीस वर्षांनी अरविंद गुप्ता यांच्या कामाविषयी वाचले तेव्हा समजले. हे गृहस्थ आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या शाळांतील विज्ञान शिक्षणाच्या उपक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी दिसली. तिचे लहान तुकडे कापून त्यात काडेपेटीच्या काड्या खोचल्या तर काड्या एकमेकींना जोडता येतात, असे त्यांच्या ध्यानात आले. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर कितीही दाबा, आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलंडतो. त्यात पाचवी तिरपी काडी घातली की दोन त्रिकोण होतात आणि तो ताठ उभा राहतो. पत्र्याच्या शेडची कैची, विजेचा मनोरा, रेल्वेचा पूल, क्रेन, सगळीकडे त्रिकोणच त्रिकोण दिसतात ते ह्याच कारणाने. पुढे गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला हजारो मुलांना शिकवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे आमच्या वस्तीतली उघडी पोरे तारेच्या ट्रकात जे करीत होती, ते भूमितीच होते. पण आम्हाला ते कुणी सांगितले नाही. वर्गात त्रिकोण फळ्यावर असे, तोही पाठ करायला.

इथे त्या पेटीची गोष्ट सांगितली पाहिजे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये केंद्र सरकारने खडू-फळा मोहीम सुरू केली. प्राथमिक शाळांना किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवायचे साहित्य मिळावे, ही योजना. त्या साहित्यात विज्ञानाची पेटी, गणिताची पेटी आणि हत्यारांची लहान पेटीसुद्धा होती. आम्ही दोन-तीन शाळा बदलल्या, त्यातल्या एकीत अशी पेटी होती. कपाटात होती, आणि कपाटाला कुलूप होते. तपासणीला साहेब आले की ती टेबलावर मांडली जाई. उचलून आणायला आमच्या वस्तीतली दोन पोरे, कारण ती दांडगी. टेबलावर ठेवली की मागे जाऊन बसायचे. भिंग, लोहचुंबक, स्प्रिंगचा काटा आम्ही दुरून पाहिला. साहेब गेले की पेटी पुन्हा कुलपात. गुरुजींचेही एका परीने खरे होते म्हणा. वस्तू मोडली किंवा हरवली तर जाब त्यांना द्यावा लागे. पण ज्या वस्तू हाताळण्यासाठीच दिल्या, त्या न हाताळल्यामुळे नव्याकोऱ्या राहिल्या, ह्याला काय म्हणावे?

आता तारेच्या ट्रकाचा जो उस्ताद होता, त्याच्याविषयी. नाव लिहीत नाही. ट्रकाला लांब काठी जोडून वर स्टिअरिंग लावायचे आणि ते फिरवले की खाली पुढची चाके वळली पाहिजेत, ही करामत वस्तीत त्यालाच साधली होती. त्याचे आई-वडील दर वर्षी ऊसतोडीला जात. हा आजीजवळ राहून कसाबसा आठवी पास झाला आणि मग कोयता घेऊन त्यांच्यामागे गेला. आज तो रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये ट्रॉल्यांचे वेल्डिंग करतो. नवी ट्रॉली बांधायची तर मालक आधी त्याला विचारतो. पण जालन्याच्या एखाद्या स्टील कारखान्यात किंवा वाळूजला जागा निघाली की पहिला प्रश्न येतो, आयटीआयचा दाखला कुठे आहे?

वाचकहो, वेल्डर, वायरमन, सुतारकाम अशा काही ट्रेडना आयटीआयमध्ये आठवी पास चालते. तेव्हाही आठवी पासवर असे ट्रेड मिळत होते. आठवी पासचा कागद त्याच्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत होता. त्याला हे सांगणारे एक माणूस गावात नव्हते, आम्हीही त्या वेळी पोरच. पुढे आम्ही बी.कॉम. झालो, टेबल-खुर्ची मिळाली. आणि आमचा ट्रक तर नेहमी डावीकडेच जायचा! आता प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवी कामगाराची परीक्षा घेऊन त्याच्या कौशल्याचे प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. ते आयटीआयच्या तोडीचे नाही, पण हाती कागद येतो. आम्ही त्याच्या मागे लागलो आहोत. "आता ह्या वयात परीक्षा द्यायची का, भाऊ?" असे म्हणून तो हसतो, पण परवा आधार कार्डाची झेरॉक्स आणून दिली आहे.

वस्तीतल्या पोरांनी हात अगदीच सोडला असे मात्र नाही. जयंतीच्या मिरवणुकीतले देखावे कोण करतात? आधी चैत्यभूमी, सांचीची कमान असे काही करीत. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप २००१ मध्ये पूर्ण झाल्यावर गावोगावी त्याच्या प्रतिकृती होऊ लागल्या. घुमट करणे हे फार अवघड काम. आमच्याकडची पोरे घागर पालथी घालून तिच्यावर खळ लावलेल्या वर्तमानपत्राचे सात-आठ थर चढवीत आणि वाळल्यावर कवच अलगद उचलून घेत. उंची किती आणि रुंदी किती, हे दिनदर्शिकेतल्या फोटोवर सुतळी धरून काढत. खांब, जाळ्या थर्माकोलच्या. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून पुठ्ठा आणि बांबूच्या कामट्या. पुठ्ठ्याचे काम जास्त टिकते, असा आमचा अनुभव आहे.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत सध्या पुठ्ठ्याचा जेसीबी बराच दिसतो. एक बारीक आणि एक जाड अशा दोन सिरिंज पाणी भरून नळीने जोडायच्या. बारीक सिरिंज दाबली की जाड हळू सरकते, पण तिला जोर जास्त येतो. खऱ्या जेसीबीचा हात ह्याच तत्त्वावर उचलतो, तिथे पाण्याऐवजी तेल असते. उत्तम खेळणे आहे. पण हल्ली हेच तयार विकत मिळते. पालक पैसे मोजतात, मूल प्रदर्शनात टेबलामागे उभे राहते, पाहुण्यांनी विचारले की लिहून दिलेले बोलते. हौस म्हणून खुशाल घ्यावे. फक्त घरी आणल्यावर एकदा सगळे सुटे करून पोराला पुन्हा जोडायला सांगावे. जोडता आले नाही तर पैसे वाया गेले असे समजावे.

आणि कुलपातल्या पेट्यांचे काय? २०१६ पासून नीती आयोगाच्या योजनेत निवडक शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. सहावी ते बारावीच्या मुलांनी स्वतः जोडाजोडी करावी, ह्यासाठीच हा पैसा आहे. आपल्या मुलाच्या शाळेत ही लॅब आहे का, आठवड्यातून किती तास उघडते, मुली आत जातात का, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आमच्या बायाबापड्यांची नावे समितीच्या यादीत असतात, सह्याही असतात. बैठकीला मात्र कुणी बोलावत नाही. पुढच्या बैठकीची तारीख शाळेत जाऊन विचारावी आणि हा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावावा. लॅब नसली तर जुने विज्ञान साहित्य कोणत्या कपाटात आहे आणि किल्ली कुणाकडे आहे, एवढे तरी विचारावे.

येत्या रविवारी दुपारी दोन वाजता विहारात मुलामुलींना तारेचा ट्रक आणि धाटाची गाडी शिकवायचे ठरले आहे. शिकवायला वर सांगितलेले आमचे वेल्डर मित्र येणार आहेत. मातीचे बैल करणारी ती मुलगी आता सूनमुखी सासूबाई झाली आहे. तीही येते म्हणाली, आणि ह्या वेळी गाडीच करणार म्हणाली. येताना जुन्या स्लीपर, बाटल्यांची टोपणे, सायकलची व्हॉल्व नळी आणि असेल तर थोडी तार आणावी. सिरिंज मेडिकलमधून नवी घ्यावी, दवाखान्याच्या उकिरड्यातली एकही उचलू नये. ब्लेड आमच्याकडे राहील, दहा वर्षांखालच्या मुलांच्या हातात ते देणार नाही. धाट सोलताना ओठ कापतील, त्याला इलाज नाही.