बनगरवाडीचा मास्तर आणि माझा पट

डी.एड.ला असताना 'बनगरवाडी' वाचली तेव्हा, खरं सांगते, कंटाळा आला होता. काही घडतच नाही! यंदा दिवाळीनंतर पुन्हा हातात घेतली. वर्गातली निम्मी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली.

व्यंकटेश माडगूळकरांची ही १९५५ची कादंबरी. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर एकशिक्षकी शाळेत येतो. पोरं गोळा करतो, लोकांची कामं करतो, सगळ्यांना धरून तालीम उभी करतो. अंजीला चोळी शिवून आणतो, तर कारभारी बिनसतो. (वाडीवस्तीवर नोकरी केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) मग दुष्काळ पडतो आणि मेंढरं घेऊन वाडी उठून जाते. शिकवायला कुणी उरत नाही.

आज तो मास्तर असता तर? पट शून्य. अहवालात 'निष्पत्ती'च्या रकान्यात त्याने काय लिहिलं असतं? 'पट का घसरला' याचं उत्तर मलाही द्यावं लागलं. आपण शिक्षकाचं काम मोजतो, पण न पडलेला पाऊस त्यात धरत नाही. माडगूळकर मात्र मास्तरला थोरही करत नाहीत आणि हरलाही म्हणत नाहीत.

परवा फडातून एका पोराचा फोन आला. "बाई, सतराचा पाढा झाला. आता अठराचा करू का?"