साळुंकीचा दोष काय?

सकाळी गॅलरीच्या कठड्यावर येऊन चपातीचा तुकडा पळवणारी साळुंकी आपल्या ओळखीची. हीच साळुंकी जगातील सर्वांत उपद्रवी परक्या जीवांमध्ये मोजली जाते, असे सांगितले तर पटेल का? तज्ज्ञांनी २००० साली अशा १०० जीवांची यादी केली. त्यात पक्षी अवघे तीन. युरोपातील स्टारलिंग, आपला लालबुड्या बुलबुल आणि आपली साळुंकी. साळुंकी ही स्टारलिंगच्याच कुळातली.

ती काही स्वतःहून परदेशी गेली नाही. मॉरिशसमध्ये टोळांनी उच्छाद मांडला होता, म्हणून १७६२ साली भारतातून साळुंक्या नेण्यात आल्या. पुढे १८६२ पासून ऑस्ट्रेलियात मेलबर्नला आणि १८८३ मध्ये क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांत तिला सोडले. काम एकच, कीड खाणे.

आता खर्चाची बाजू पाहा. ऑस्ट्रेलियात अनेक जातींचे पोपट झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. तेथील निलगिरीच्या झाडाला मोठी ढोली पडायला शंभर-शंभर वर्षे लागतात. साळुंकी ती ढोली बळकावते आणि पोपट बेघर होतात. हवाई बेटांवर तिने घाणेरीची फळे खाऊन बिया रानोमाळ पसरवल्या. ही घाणेरीसुद्धा तिथे परकीच, अमेरिकेतून आणलेली. सेशेल्समधील डेनिस बेटावर तर दुर्मीळ पक्षी वाचवण्यासाठी हजाराहून अधिक साळुंक्या माराव्या लागल्या. २०१५ साली ते बेट साळुंकीमुक्त झाले.

मग दोष कुणाचा? साळुंकी इथे जे करते तेच तिथेही करते. पण इथल्या झाडांचा, शत्रूंचा आणि शेजाऱ्यांचा हिशेब हजारो वर्षांत जुळलेला आहे. तिला उचलून नेणाऱ्या माणसाने फक्त जमेची बाजू पाहिली. खर्च मात्र आधी पोपटांच्या माथी पडला आणि शेवटी साळुंकीच्या.

आपल्या घरीही हे घडू शकते. मुलांना कंटाळा आला म्हणून काचपेटीतला मासा तळ्यात किंवा पिंजऱ्यातला परदेशी पक्षी रानात सोडू नका. आपल्याला ते भूतदयेचे काम वाटते. पण त्या तळ्यात आधीपासून कोणीतरी राहत असते, त्याचा विचार आधी करा.