जांभ्यातल्या कमानी



आमच्या नांदगावात घर बांधायचं म्हटलं की पहिली बोलणी चिऱ्यांची होतात. खाणीत मऊ असलेला जांभा ऊन-वारा खाऊन घट्ट होतो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. याच जांभ्यात 1560 मध्ये, अली आदिलशहाच्या काळात, गोव्यातल्या फोंड्याची साफा मशीद उभी राहिली. तिच्या माथ्यावर घुमट नाही. घरावर असतं तसंच उतरतं कौलारू छप्पर आहे. शेजारच्या तळीच्या पायऱ्या उतरून पाण्याशी जा. चिऱ्यांच्या भिंतीत कोरलेल्या टोकदार कमानी एकामागून एक दिसतात आणि पाण्यात त्यांची दुसरी ओळ उमटते.

याच आदिलशाहीने विजापुरात 1656 मध्ये गोल घुमट पुरा केला. बाहेरून सुमारे 44 मीटर व्यास, आत आधाराला एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी सारा भार पेलतात. विजापूरची घडण दाभोळच्या बंदरावरही पोहोचली. तिथली घुमट-मिनारांची मशीद वाशिष्ठीच्या काठी आजही उभी आहे.

इस्लामी वास्तुकला म्हटलं की आपल्याला आग्रा आठवतो, इस्फहान आठवतं. पण ती आपल्या चिऱ्यातही आहे, आपल्या पावसाशी जुळवून घेतलेली. ती आपली ठेव आहे. हा अंक त्या ठेवीसाठी. वाचा, आणि गोव्याला जाताना मुलाबाळांना घेऊन त्या तळीकाठी घटकाभर बसा.

– संपादक