उंदीरमामाच्या कानात

३१ डिसेंबरच्या रात्री दादरला उतरणारे सगळेच काही पार्टीला निघालेले नसतात. बरेचजण प्रभादेवीची वाट धरतात, सिद्धिविनायकाच्या रांगेत उभं राहायला. नव्या वर्षाचं मागणं तिथे चांदीच्या उंदीरमामाच्या कानात सांगायचं आणि त्याचा दुसरा कान हाताने झाकायचा, नाहीतर ऐकलेलं पलीकडून निघून जातं! साहेबावर पूर्ण भरवसा, पण कारकुनावर नाही, हे अगदी मुंबईकराचं. मीही दरवर्षी पुटपुटतो: घराचा हप्ता, मुलीची नोकरी, माझा गुडघा. यंदा रांगेत देऊबाई पाटील आठवल्या. १९ नोव्हेंबर १८०१ ला हे देऊळ झालं ते त्यांच्या पैशातून. त्यांना मूल नव्हतं. आपल्याला नाही झालं, निदान इथे येणाऱ्या दुसऱ्या बायांची ओटी भरू दे, असं त्यांच्या मनात होतं म्हणतात. आमचा नवस म्हणजे आधी काम, मग पेढे. त्या व्यवहारात हे बसवायचं कुठे? माझी पाळी आली तेव्हा मागचा पोरगा खांद्यावरून पुढे वाकलेला. मी बाजूला सरकून त्याला कान मोकळा करून दिला. दुसऱ्या कानावरचा हात मात्र त्याचं सांगून होईपर्यंत तसाच ठेवला.