अनेक दारांचा आजार

कळंबोलीच्या लोखंड बाजारात ज्यांच्या पेढ्या अथवा गोदामे आहेत, त्यांना विदर्भ, छत्तीसगड किंवा ओडिशातून आलेला असा एखादा तरुण कामगार आठवेल : अंगाने किरकोळ, डोळे पिवळसर, महिन्यातून चार दिवस ‘हाडे दुखतात’ म्हणून गैरहजर. मुकादम त्याला कामचुकार ठरवतो आणि आपण रोजी कापून मोकळे होतो. त्या दुखण्याचे नाव सिकलसेल असू शकते, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

या आजारात हिमोग्लोबिनच्या जन्मजात दोषामुळे, प्राणवायू कमी पडताच तांबड्या रक्तपेशी ताठर होऊन विळ्यासारख्या वाकतात व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढील भागाचा रक्तपुरवठा थांबतो आणि असह्य वेदना सुरू होतात. अतिश्रम, ताप, शरीरातील पाणी घटणे, एवढे निमित्त पुरते. दोष आई व वडील या दोघांकडूनही आला तरच आजार होतो. एकाकडून आल्यास व्यक्ती केवळ वाहक राहते. स्पर्शाने तो पसरत नाही.

रक्त सर्वत्र वाहते, म्हणून हा आजार कोणत्याही अवयवाच्या दारातून आत शिरतो. खुब्याचे हाड निकामी झाले की रुग्ण अस्थितज्ज्ञाकडे जातो, दृष्टी अधू झाली की नेत्रतज्ज्ञाकडे. मूत्रपिंड बिघडते, लहान वयात पक्षाघात होतो, गर्भवतीची प्रकृती अकस्मात ढासळते. हत्ती व आंधळ्यांचा दृष्टान्त आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. येथे मात्र प्रत्येक तज्ज्ञ डोळस आणि निष्णात असतो, तरीही हत्ती दिसत नाही, कारण सर्वांचे अहवाल एकत्र ठेवून पाहणारा कोणी नसतो. खुब्याचा सांधा बदलायचा असेल तर आधी रक्त चढवावे काय, हे रक्तविकारतज्ज्ञाने ठरवावे लागते. भूलतज्ज्ञाला रुग्णास थंडी वाजू द्यायची नसते, पाणी व प्राणवायू कमी पडू द्यायचे नसतात. नंतर छातीत दुखू लागले तर फिजिशियनने तत्काळ धावून यावे लागते. यातील एक दुवा निसटला तरी उत्तम शस्त्रक्रिया जिवावर बेतू शकते.

असे एकत्रित काम आपल्याच राज्यात झालेले आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन व त्यांचे सहकारी आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी यांनी मिळून, आईत दोष आढळल्यास बाळाचे रक्त जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच तपासण्याचा उपक्रम राबवला. दोन हजारांहून अधिक नवजात बालकांची तपासणी करणारा त्यांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूती विभाग, प्रयोगशाळा आणि बालरोग विभाग एका साखळीत आले, म्हणूनच वेदना सुरू होण्याआधी निदान झाले व लसीकरण, पेनिसिलिन, नियमित देखरेख वेळेवर सुरू होऊ शकली. हायड्रॉक्सियुरिया हे औषध भारतीय मुलांना कमी मात्रेतही गुणकारी ठरते, हे दाखवण्यातही नागपूरचा वाटा मोठा आहे.

केंद्र शासनाने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. 2047 पर्यंतचे उद्दिष्ट आहे आणि सात कोटी लोकांची तपासणी योजलेली आहे. परंतु कार्ड हाती पडल्यानंतर रुग्णाने कोणते दार ठोठवावे?

आपल्या परंपरेत चार दानांमध्ये औषधदान आहे, आणि महावीर जयंतीस आपले ट्रस्ट शिबिरे हौसेने भरवतात. (फलकावरील नावे कधीकधी रुग्णांपेक्षा अधिक असतात, ते असो.) फिकट दिसणाऱ्या प्रत्येकास लोहाच्या गोळ्या देऊन शिबिर संपते. सिकलसेलच्या रुग्णास तपासणीविना लोह देत राहणे योग्य नव्हे. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात ते आधीच साचलेले असते. माझ्या मते पनवेलच्या ट्रस्टांनी दोन शिबिरे कमी करावीत आणि तो निधी एखाद्या रुग्णालयातील समन्वयकाच्या वेतनासाठी द्यावा. रुग्णाची एकच फाईल त्याने सांभाळावी, महिन्यातून एक दिवस सर्व तज्ज्ञ एका छताखाली बसतील असे पाहावे, रुग्णाचे गाडीभाडे व बुडालेली रोजी द्यावी. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्यास वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर आहेत, त्यांना जोडणारा माणूस नाही.

पेढीवर तर उद्याच सुरुवात करता येईल. उन्हात राबणाऱ्यास दर तासाला पाणी व विसावा द्यावा, आणि पुन:पुन्हा दुखणे काढणाऱ्याची चाचणी करून घ्यावी. ती मात्र त्याच्या संमतीनेच व्हावी, आणि अहवाल मुकादमाच्या नव्हे, त्याच्याच हाती द्यावा.